गालांतली हवा

लॅबमधून दादाच्या फोनवर निरोप आला की तुमचा श्वास कमी पडला, पुन्हा येऊन द्यावा. तो वाचून वहिनी इतकी हसली की तिला काउंटरला धरून उभं राहावं लागलं. मी हसले नाही. म्हणजे हसले, पण तोंड भट्टीकडे वळवून. माझ्या भावाला हेकट म्हणा, त्याच्या टकलावर काहीही बोला, तो मनावर घेत नाही. पण श्वास कमी म्हणजे हद्द झाली. आमचा दादा काच फुंकतो. शाळा सुटल्यापासून त्याने दुसरं काही केलेलं नाही आणि दुसरं काही त्याला येतही नाही. त्याला साधा फ्यूज बदलता येत नाही, पण तो फुंकतो तशी फुलदाणी आमच्या गावात कुणी फुंकून दाखवावी.

"श्वास कमी," दादा म्हणाला. "मला?"

"मशीन म्हणतंय," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "मी नाही म्हणत. मला तर तुमच्या घोरण्यावरून कधी शंकासुद्धा आली नाही."

वहिनी माझ्याच वर्गातली. तिच्याशी माझं अगं-तुगं शाळेपासूनचं, ती भावाच्या गळ्यात पडली म्हणून काही बदललं नाही. दुकान ती बघते. दुकान म्हणजे पुढची खोली, तिथे फळ्यांवर दिव्यांच्या चिमण्या, सुरया, फुलदाण्या मांडलेल्या असतात आणि कुणाचं पोर आत शिरलं की वहिनीचा जीव टांगणीला लागतो. मागे लांबट कारखाना. एका टोकाला भट्टी, तिच्याशेजारी तयार वस्तू हळूहळू निववायची दुसरी भट्टी, मध्ये दादाचं बाकडं, भिंतीला फुंकण्या टांगलेल्या आणि खिडकीपाशी माझं घासायचं चाक. वस्तूच्या बुडाला राहिलेली कड घासून गुळगुळीत करणं हे माझं काम. स्वभावाने मी जरा खरखरीत आहे, तेव्हा माणूस आणि काम नीट जुळलंय असं वहिनीचं मत आहे.

माझं आणखी एक काम आहे आणि सगळं प्रकरण त्यातूनच सुरू झालं. दादा भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा फुंकणीच्या टोकावर उचलतो, पहिली फुंकर स्वतः घालतो आणि बाकड्यावर बसून फुंकणी फिरवत त्या गोळ्याला आकार देऊ लागतो. तेव्हा त्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तोंड फुंकणीपासून लांब. मग दुसऱ्या टोकाला मी खाली बसते. तो "हं" म्हणाला की एक बारीक फुंकर घालायची, "हंऽ" म्हणाला की जरा मोठी. पूर्वी अण्णा बाकड्यावर बसायचे आणि दादा खाली. फुंकणी एकच, तिला तोंड लावणारी माणसं घरचीच. कुणी पुसायला गेलं तर अण्णा हसायचे, म्हणायचे, "घरचंच तोंड आहे, पुसता काय?" आम्ही कधी पुसलं नाही. आईने पाहुण्यांसाठी वेगळे पेले ठेवले होते, फुंकणी वेगळी ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तर आधी माझं पोट बिघडलं. जेवलं की जळजळ, नाही जेवलं तरी जळजळ. मी सगळ्यांवर खेकसायला लागले, आणि माझ्या बाबतीत हे लक्षण आहे हे लोकांच्या उशिरा लक्षात आलं. शेवटी वहिनीने मला धरून पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी घशातून नळी घालून पोट बघितलं, आतला बारीक तुकडा तपासायला पाठवला आणि पुढच्या वेळी चित्र दाखवून म्हणाल्या, "ही छोटी जखम दिसते ना, हा अल्सर. आणि तो करणारा हा जिवाणू. पोटातल्या आम्लात कुणी जगत नाही, हा जगतो."

"भाडं न देता," मी म्हटलं.

"हो, आणि वर्षानुवर्षं. बहुतेक लहानपणीच घरात शिरलेला असतो." मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला पोटाचा कॅन्सर?"

"अण्णांना. वडिलांना."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे समजावलं ते मी जसंच्या तसं घरी येऊन सांगितलं, कारण तशा गोष्टीत मी पदरचं घालत नाही. हा जिवाणू जगात कितीतरी माणसांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. काहींना अल्सर होतो. आणि फार थोड्यांना, पुष्कळ वर्षं पोट आतून सुजत राहिल्यावर, पुढे कॅन्सर होतो. पण वडिलांना झालेला असेल तर मुलांनी थांबून बघत बसू नये. औषधं आहेत, दोन आठवडे घ्यायची, जिवाणू जातो, धोका बराच कमी होतो. शून्य होत नाही, पण बराच कमी होतो. मी त्यांना फुंकणीचंही सांगितलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "तोंडातून जातो का, हातातून जातो का, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. पण भावाला पाठवा. फक्त श्वासाची तपासणी आहे, त्यांना तर सोपी."

सोपी! श्वास द्यायला दादा गेला तो हातात नारळ द्यायचा बाकी होता अशा थाटात. परत आला तेव्हा म्हणाला की ती पिशवी भरायला लहान मूलही पुरे, मी दोन फुंकरांत टम्म केली. आणि तिसऱ्या दिवशी तो निरोप.

"मी पुन्हा जाणार नाही," दादा म्हणाला आणि फुंकणी उचलून भट्टीकडे वळला.

मला वाटलं, रुसलाय, दोन दिवसांत उतरेल. नाही उतरलं. वहिनीने थट्टा केली, मग समजूत घातली, मग अबोला धरला. अबोला तिला जमत नाही, तेव्हा तो अर्धा दिवसच टिकला. दादा ढिम्म. उलट लोकांना सांगायला लागला की ती मशीनंच खोटी, पैसे उकळायचे धंदे. आणि जेवण झालं की खडूसारख्या त्या गोळ्या चघळायचा, त्या तो गेली कित्येक वर्षं चघळतो आहे आणि त्यांना औषध मानत नाही.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनी माझ्या चाकापाशी येऊन उभी राहिली. मी चाक थांबवलं, कारण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं आणि ते मला फार ओळखीचं नाही.

"काल दाढी करताना काय म्हणाले माहितीये?" ती म्हणाली. "म्हणाले, आरशात आता अण्णाच दिसतात. मी म्हटलं, बरं की, देखणे होते. तर म्हणतात, येत्या वर्षी मी त्यांच्या वयाचा होईन. मग पुढचं काय ते ठरलेलंच आहे, तपासून कशाला बघायचं? रक्तातच आहे आमच्या."

मी हातातली फुलदाणी खाली ठेवली.

अण्णांचं सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं होतं. ते म्हणायचे गॅस आहे, सोडा प्यायचे. ताट अर्धं टाकायला लागले तर म्हणायचे उन्हाळा आहे. हिवाळ्यातही उन्हाळाच होता त्यांचा. कुणी दवाखान्याचं नाव काढलं की भट्टी पेटलेली आहे म्हणायचे, आणि भट्टी तर नेहमीच पेटलेली असते. जेव्हा बघितलं तेव्हा बघण्यापलीकडे काही करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. त्यांचे वडीलही पोटानेच गेले असं म्हणतात, पण तेव्हा कुणी आत डोकावलं नव्हतं. आपलंही तसंच होणार, हे दादा तेव्हापासून धरून बसला होता. तो श्वासासाठी रुसला नव्हताच. मशीनने नाही म्हटलं म्हणून त्याला सुटल्यासारखं झालं होतं, एवढंच. अण्णांसारखाच हाही शहामृग, फक्त याला वाळूऐवजी भट्टी सापडली होती.

मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला. मला लोकांची दया आली की आधी रागच येतो, माझी घडणच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एका मोठ्या सुरईचं काम काढलं. गोळा उचलला, पहिली फुंकर घातली, बाकड्यावर बसला, ओल्या कागदाच्या घडीने काच दाबत फिरवायला लागला. वाफ उठली. "हं," तो म्हणाला.

मी हाताची घडी घालून उभी राहिले.

"हं," तो पुन्हा म्हणाला. मग, "अगं, हंऽ!"

"मी तुझ्या फुंकणीला तोंड लावणार नाही," मी म्हटलं. "मी गोळ्या घेऊन पोट साफ करणार आणि तू फुंकणीतून मला पुन्हा देणार. घ्या, पुन्हा भाडेकरू. तू श्वास देऊन ये, मग मी फुंकते."

डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की मोठेपणी असं पुन्हा होणं फार क्वचित. ते मात्र मी घरी सांगितलं नव्हतं. पदरचं घातलं नाही म्हणाले, पण पदरात थोडं राखून ठेवायला कुणाची हरकत असू नये.

"अगं, काच थिजतीये!" दादा ओरडला.

"थिजू दे."

काच थिजली. एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला चपटी, दुखऱ्या दाताच्या गालासारखी. दादाने ती मोडून बादलीत टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी जिवंत आहे याचं मलाच आश्चर्य वाटलं. मग त्याने एकट्याने प्रयत्न केला. उठायचं, फुंकायचं, धावत बाकड्यावर बसायचं, दाबायचं, पुन्हा उठायचं. टकलावरून घामाच्या धारा. लहान चिमण्या त्याला तशा जमल्या, पण सुरई काही उभी राहीना. वहिनी दारात उभी राहून बघत होती. तिने मला डोळ्यांनीच विचारलं, फार होतंय का? मी डोळ्यांनीच म्हटलं, अजिबात नाही.

दोन दिवस असं चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्यात आला.

"चल," तो म्हणाला. "एकदाच. आणि पुन्हा श्वास कमी म्हणाले तर मी त्यांचं मशीनच फुंकून दाखवीन."

त्याला उपाशीपोटी जायचं होतं म्हणून आम्ही वाटेत चहासुद्धा घेतला नाही, आणि चहाशिवाय आम्ही तिघं एका गाडीत, हा प्रसंग कुणावर येऊ नये. श्वासाची खोली लहान होती. एक खुर्ची, एक टेबल, पिशव्यांचा गठ्ठा आणि एक नर्स. तरुण नाही, म्हातारी नाही, दिवसभर लोकांना तेच तेच सांगून अजून न कंटाळलेली. तिने आधी एक पिशवी भरून घ्यायची, मग काहीतरी आंबट पाणी प्यायला द्यायचं, मग अर्धा तास थांबवायचं आणि दुसरी पिशवी भरून घ्यायची, अशी रीत. जिवाणू असेल तर तो त्या पाण्यातलं औषध फोडतो आणि ते श्वासात उतरतं, असं तिने समजावलं. मला आत बसू दिलं, कारण मी समोर असले तर दादा पळून जाणार नाही अशी माझी खात्री होती आणि ती मी तिला पटवून दिली.

तिने नळी लावलेली पिशवी दादाच्या हातात दिली. "फुंका."

दादाने खांदे सरळ केले, नळी ओठांत धरली, गाल फुगवले, फूऽ करून एक फुंकर घातली आणि लगेच नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. पिशवी थोडी फुगली. त्याने अंगठा काढला, पुन्हा गाल भरले, फूऽ, पुन्हा अंगठा. आणि ती पिशवी हातात गोल गोल फिरवायला लागला.

नर्स बघतच राहिली. "तुम्ही ती फिरवताय का?"

दादाने हात थांबवला. "सवय."

"आणि अंगठा?"

"हवा परत येऊ नये म्हणून. काच फुंकतो मी."

"गालांनी?"

"मग कशाने?" दादा म्हणाला. "छातीने फुंकणारे फुगे विकतात. काच गालांतल्या हवेने फुंकायची असते. छातीतला जोर लागला की ती फाटते. वडिलांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं, गाल वापर, छाती घरी ठेवून ये."

नर्स खुर्चीवर बसली आणि हसायला लागली. मग मीही. इतक्या वर्षांत मी रोज त्याच्यासमोर बसून तेच करते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मशीनला हवी होती आतली हवा, पार तळाची, जी रक्तातून उतरलेली असते. आणि आमच्या दादाने नेमकी तिला घरी ठेवून तोंडातली हवा पाठवली होती. त्यात काहीच नव्हतं. मशीन बिचारं खरंच बोललं होतं.

"आता छातीतून फुंका," नर्स म्हणाली.

दादाने नळी तोंडात धरली. मन लावून खोल श्वास घेतला. गाल फुगले. "नाही, नाही," ती म्हणाली. पुन्हा घेतला. पुन्हा गाल. तिने त्याला गालांवर हात ठेवायला सांगितलं, तर हातांखालूनही गाल फुगले. समोर नळी दिसली की ते आपोआप भरत होते, त्याच्या हुकमाची वाट न बघता. दादा लाल झाला. मला भीती वाटली की आता हा उठून चालता होतो.

नर्सने पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. "फुंकू नकाच," ती म्हणाली. "तुम्हाला फुंकता येतं, तीच अडचण आहे. उसासा टाका. दिवसभर काम करून घरी आल्यावर टाकतो ना माणूस, तसा. आतलं सगळं संपेपर्यंत सोडायचा. आधी पिशवीशिवाय."

दादाने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने तोंड उघडलं आणि एक अर्धवट हवा सोडली.

"हा उसासा नाही," नर्स म्हणाली. "हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून केलंत."

मला आठवेना की मी दादाला कधी उसासा टाकताना ऐकलंय. अण्णा गेले तेव्हा त्याने भट्टी विझू दिली नव्हती, ऑर्डर होती. बायकांनी रडायचं ते रडून घेतलं. तो फुंकत होता, गालांनी, मोजून मापून. मला आता त्याचा राग येईना. मी उठून त्याच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "दादा, मलाही भीती वाटते रे. मी नुसती ओरडते. तुला काही झालं तर मी कुणाच्या 'हं'वर फुंकणार?"

त्याने मान खाली घातली. आणि मग उसासा आला. आधी खांदे उतरले, मग छाती, मग पोटापासून काहीतरी सुटत गेलं, लांबच लांब, थांबेचना. नर्सने घाईने पण अलगद नळी त्याच्या ओठांशी धरली. गाल अगदी सपाट होते. पिशवी हळूहळू भरली, शेवटपर्यंत.

"हा श्वास," ती म्हणाली आणि टोपण लावलं. "आता हे पाणी प्या. अर्ध्या तासाने असाच दुसरा."

"असाच?" दादाने डोळे पुसत विचारलं. "एवढा साठा नाही माझ्याकडे."

होता. पुष्कळ होता. अर्ध्या तासाने दिलेला तर पहिल्यापेक्षा लांब निघाला.

जिवाणू निघालाच. दादाने कागद बघितला आणि म्हणाला, "म्हणजे अण्णांनी फुंकणीबरोबर हेही दिलं." मी त्याला तिथेच गप्प केलं. अण्णांना ते कुणीतरी दिलं असणार आणि त्या कुणालातरी आणखी कुणी, अशा हिशेबाने मागे गेलो तर गुहेत राहणाऱ्या माणसाला नोटीस पाठवावी लागेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त माझ्यापेक्षा सभ्य भाषेत. आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता रक्तातच आहे. रक्तातलं थोडं असेलही, ते मला काढता येत नाही. पण हे घरातून आलेलं आहे आणि हे काढता येतं."

दादाच्याही पोटात नळी घातली. त्या दिवशी वहिनी थट्टा करायची विसरली, इतकी तिची पाचावर धारण बसली होती. तुकड्यांचा निकाल यायला आठवडा गेला, त्या आठवड्यात आमच्या कारखान्यात इतकी भांडी फुटली की गिऱ्हाइकाला वाटावं आम्ही फोडायचाच धंदा करतो. निकाल आला. कॅन्सर नव्हता. पोटाच्या आतल्या अस्तराचे काही भाग बदललेले होते, वर्षानुवर्षं सुजल्यामुळे बदलतात तसे. ते स्वतः कॅन्सर नाहीत, पण लक्ष ठेवावं लागतं. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाल्या. वहिनीचा जीव भांड्यात पडला आणि तिने लगेच दादाला सांगितलं की आता तरी ती फुलांच्या चित्रांची जुनी चादर फेकून देऊ या. तिचा आनंद कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो.

आम्ही दोघांनी गोळ्या एकदमच सुरू केल्या, मी त्याच्यासाठीच थांबले होते. सकाळ-संध्याकाळ मूठभर. तोंडाला असा धातूचा कडवटपणा यायचा की दादा म्हणाला, फुंकणी गंजली. त्याने दुसरी घेतली, ती पण गंजलेली. तिसरी घेतली. मी त्याला सांगितलं की गंजलेलं तुझं तोंड आहे, तर म्हणाला, तुझं तर पहिल्यापासूनच. पोट ढवळायचं, दुपारी दोघंही बाकड्यावर शेजारी शेजारी गळून बसायचो आणि वहिनी दारातून विचारायची की फुलदाण्या ठेवू का तिथे, तेवढीच शोभा. पण एकही गोळी चुकली नाही. दादाने चुकवली असती तर मी पुन्हा संप केला असता, आणि मी चुकवली असती तर त्याने मला जन्मभर ऐकवलं असतं.

आता फुंकणीच्या तोंडाला आम्ही प्रत्येकी आपापली नळी जोडतो. दादाने काचेचीच बनवली, त्याची निळी, माझी हिरवी. अण्णा असते तर नाक मुरडलं असतं, मग स्वतःसाठी लाल मागितली असती.

औषधं संपून महिना-सव्वा महिना झाल्यावर पुन्हा श्वास द्यायला गेलो, दोघंही. नर्सने दादाला ओळखलं आणि पिशवी देताना नुसती भुवई उडवली. दादाने डोळे मिटून असा उसासा टाकला की बाहेर बसलेल्या माणसाने आत डोकावून बघितलं. माझीच पिशवी दोनदा घ्यावी लागली. गाल फुगले माझे.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं होतो, खुर्च्या दोन. वहिनी उभी होती आणि तिने दादाच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"दोघांचाही गेला," डॉक्टर म्हणाल्या.

मी एवढ्या मोठ्याने हुश्श केलं की मलाच लाज वाटली. दादा मात्र हलला नाही. "आणि ते बदललेले भाग?" त्याने विचारलं.

"ते आहेत. कदाचित तसेच राहतील, त्यांच्यावर नजर ठेवू. तीन वर्षांनी या, पुन्हा नळी घालून बघू."

"तीन वर्षांनी," दादा म्हणाला.

मला वाटलं नळीला घाबरला. त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तसं नव्हतं. त्याला कुणीतरी फार मोठी वस्तू हातात दिली होती आणि ती कुठून धरायची ते त्याला कळत नव्हतं.

"म्हणजे तुमच्या हिशेबाने तीन वर्षांनी मी असेन."

"माझ्या हिशेबाने त्याच्यापुढेही असाल, आणि दर वेळी कुरकुरत याल."

दादाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "डॉक्टर, मी येत्या वर्षी होईन त्या वयाला अण्णा गेले. आजोबाही तसेच. त्या वयापुढे आमच्याकडे कुणी पोचलेलंच नाही. पुढे काय करायचं असतं ते मला कुणी दाखवलं नाही."

वहिनी रडायला लागली होती, पण तिला आमच्यापेक्षा लवकर सुचतं. "गुडघे दुखतात," ती नाक ओढत म्हणाली. "ऐकायला कमी येतं. बायको म्हणेल ते करायचं असतं. दुसरं काय?"

दादा हसला, तोंड उघडून, आवाज करून. मग फोन काढून त्याने डॉक्टरांना विचारलं की तीन वर्षांनंतरची तारीख आत्ता मिळेल का. त्या म्हणाल्या की एवढ्या पुढची वही अजून छापलेलीसुद्धा नाही, त्या वर्षी फोन करा.

"करतो," दादा म्हणाला. "पण सकाळचीच वेळ द्या. दुपारी मी कामात असतो."

मी गाडी दारापाशी आणते असं म्हणून पुढे निघाले. मला रडायचं होतं, आणि दादाने माझ्या रडण्यावर विनोद केल्याशिवाय सोडलं नसतं.